सोळाशे मीटरच्या आधी

पहाटे पाचच्या सुमाराला सातारा, बीड, नांदेड, बुलढाणा, कुठल्याही जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाबाहेर पडा. रस्त्याच्या कडेनं मुलं पळताना दिसतात. कुठे दोघं-तिघं, कुठे वीस-पंचवीसचा घोळका. मागून उसाचा ट्रॅक्टर आला की सगळे साइडपट्टीवर उतरतात आणि तो पुढे गेला की पुन्हा डांबरावर येतात. यातली निम्मी तरी अकरावी-बारावीची असतात. ग्राउंडची तयारी चालू असते. ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची किंवा अग्निवीरची मैदानी चाचणी.

पोलीस शिपाई भरतीत ही चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. सोळाशेला पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत यावं लागतं. म्हणजे चारशे मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, आणि अशा सलग चार फेऱ्या. हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटर होतो. अग्निवीरला साडेपाच मिनिटांत आलं की पूर्ण गुण मिळतात आणि पुढे दहा पुल-अप्स असतात. पोलिसांत अठराव्या वर्षापासून आणि अग्निवीरमध्ये साडेसतरापासून अर्ज करता येतो, त्यामुळे घरोघरी तयारी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असं सांगते. त्याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढीही हालचाल करत नाहीत. रस्त्यावर पळणारी ही मुलं उरलेल्या एकोणीस टक्क्यांतली आहेत. कुणी न सांगता पहाटे उठणारी पिढी आपल्याकडे आहे आणि तिला नीट शिकवणारं माणूस बहुतेक ठिकाणी नाही, हे मला फार लागतं. कारण यांच्यातली कितीतरी मुलं भरतीच्या मैदानापर्यंत पोचतच नाहीत. नडगी, गुडघा, कंबर यांपैकी काहीतरी आधीच गेलेलं असतं. या मुलांशी, त्यांच्या शिक्षकांशी, डॉक्टरांशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. व्यायाम त्यांना पेलतो, घाई पेलत नाही.

ही घाई कुठून येते? भरतीची जाहिरात कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं. निघाली की सगळं गाव जागं होतं, अकॅडमीत नाव घातलं जातं आणि वर्षभर न पळालेला मुलगा पहिल्याच दिवशी बाकीच्यांबरोबर पाच किलोमीटर पळतो. पहिले तीन आठवडे त्याला वाटतं, आपण जिंकलो. दम वाढलेला असतो, टायमिंग कमी झालेलं असतं. फसगत इथेच होते. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत नव्या कामाला सरावतात. स्नायूंना सहा ते आठ आठवडे लागतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे मात्र महिन्यांच्या हिशेबानं बदलतात. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं, आणि या एका फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे दम सगळ्यात चांगला वाटत असतो त्याच आठवड्यांत हाड सगळ्यात नाजूक असतं. जगभरच्या सैन्यांत नव्या रंगरुटांच्या हाडांना तडे जातात ते बहुतांशी प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन महिन्यांत, ते यामुळेच.

त्यात वय वाढीचं. मुलींची उंची सगळ्यात झपाट्यानं साधारण बाराव्या वर्षी वाढते, मुलांची चौदाव्या, पण यात दोन-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. एकाच वर्गातल्या दोन सोळा वर्षांच्या मुलांपैकी एकाची वाढ संपत आलेली असते आणि दुसऱ्याची ऐन भरात असते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची वाढीची पट्टी असते आणि ती हाडाहून मऊ असते. मांडीचा जाड स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली जिथे रुतलेला असतो तिथली कोवळी जागा रोजच्या ओढीनं दुखावते आणि तिथे टणक टेंगूळ येतं. बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर या दोघा डॉक्टरांनी १९०३ मध्ये वेगवेगळं वर्णन केलं, म्हणून या दुखण्याला त्यांचं नाव आहे. ते घाबरण्यासारखं नाही. काही आठवडे उड्या आणि पळणं कमी केलं, मांडीचे ताण घेतले, बर्फानं शेकलं की ओसरतं. पण ‘दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय’ असं त्या मुलाला सांगणारे मोठे भाऊ गावोगाव आहेत, आणि त्यांच्या सल्ल्यानं दोन महिन्यांचं दुखणं वर्षभराचं होतं.

कराडमधल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसलो होतो. सतरा वर्षांचा एक मुलगा आत आला. नडगी दुखते म्हणाला. डॉक्टरांनी त्याला टेबलावर बसवलं, घोट्याच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला आणि नडगीच्या कडेनं बोटभर अंतरावर दाबत दाबत वर नेला. ‘इथे? इथे?’ मुलगा प्रत्येक वेळी ‘थोडं थोडं’ म्हणत होता. मग मधल्या भागात एका ठिकाणी अंगठा टेकला आणि त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टरांनी पुन्हा तिथेच, या वेळी फक्त एका बोटानं दाबलं. त्याला उभं करून दुखऱ्या पायावर एक उडी मारायला सांगितली. त्यानं पाय उचलला आणि तसाच ठेवला.

डॉक्टरांनी नंतर फरक समजावला. नडगीची आतली कड वीतभर लांबीत सगळीकडे थोडी थोडी दुखत असेल, पळायला सुरुवात केल्यावर दुखून मग कमी होत असेल, तर ती हाडावरच्या आवरणाची सूज. पळणं निम्म्यावर आणलं, मऊ जमीन निवडली, पोटरीचा व्यायाम केला की बहुतेकांना बरं वाटतं. पण दुखणं एका बोटाखाली मावत असेल, पळताना वाढतच जात असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर हाडाला तडा गेल्याचा संशय घ्यायचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ हा निष्कर्ष चुकीचा. अशा वेळी सहा ते आठ आठवडे पळणं पूर्ण बंद. त्या मुलानं आधीचे बारा-पंधरा दिवस मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खाऊन सराव चालू ठेवला होता. गोळीनं दुखणं दबतं, तडा तसाच राहतो.

गोळाफेकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. भरतीत मुलांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. हे जागतिक ॲथलेटिक्समधलं प्रौढ पुरुषांचं वजन आहे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी हीच स्पर्धा ५ किलोच्या गोळ्यानं होते, २० वर्षांखालच्यांसाठी ६ किलोच्या. मुलींचंही तसंच. १८ वर्षांखाली ३ किलो, भरतीत ४. जगभरच्या प्रशिक्षकांनी वाढत्या खांद्यांचा आणि पाठीचा विचार करून या पायऱ्या ठेवल्या आहेत. आपल्याकडे सोळा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवसापासून सव्वासात किलोचा गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा कोपरातून भिरकावतो आणि चौथ्या दिवशी त्याचं कोपर सुजतं. गोळा मानेला लावून, पायापासून जोर काढून, पुढे ढकलायचा असतो. ते तंत्र ३ किलोच्या गोळ्यावर शिकावं, तंत्र बसलं की ५, आणि सव्वासात शेवटच्या काही महिन्यांत हाती घ्यावा. तालुक्याच्या एखाद्या शाळेच्या क्रीडा साहित्याच्या खोलीत हलके गोळे पडून असतात. ते मागून घेण्याइतकंच काम आहे.

ही पायरीपायरीनं चढण्याची रीत आपल्या तालमींना पूर्वीपासून माहीत होती. नव्या पोराला वस्ताद थेट कुस्तीला धरत नसत. आधी फावड्यानं हौदा खणायचा, माती वरखाली करायची, मग थोडे जोर, थोड्या बैठका. आकडा वाढवायचा तो वस्तादांनी, पोरानं नाही. खांदे, कंबर, पकड हे सगळं त्या खणण्यातच तयार व्हायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून आले ते याच मातीत वाढून. जोर-बैठका आजही किशोरांसाठी उत्तम आहेत. साधनं लागत नाहीत आणि स्वतःच्या वजनाइतकाच भार पडतो.

वजनं उचलली की उंची खुंटते, ही भीती मात्र निराधार आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० च्या अहवालातही सांगितलंय की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य तंत्रानं केलेला शक्तीचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आहे. आठ ते पंधरा वेळा नीट उचलता येईल असं वजन घ्यावं. पाठ वाकली, श्वास कोंडला की थांबावं. एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन किती, ही पैज वाढीच्या वयात लावू नये. जिममध्ये मुलं जायबंदी होतात ती बहुतेकदा अशा पैजांत.

तालमीतही सगळंच चांगलं होतं असं नाही. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं, रग पांघरून घाम गाळणं आजही चालतं. अमेरिकेत १९९७ साली अशा प्रकारे वजन उतरवताना कॉलेजचे तीन कुस्तीगीर गेले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. वाढत्या मुलाचं वजन वाढणारच, त्याला पुढच्या गटात खेळवावं.

आणखी एक धोका बैठकांतच आहे. महिना-दोन महिने व्यायाम सुटला आणि एके दिवशी तीनशे-चारशे बैठका मारल्या, तर मांड्यांचे स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यांतला घटक रक्तातून मूत्रपिंडात जातो. मांड्या दगडासारख्या होतात, जिना उतरता येत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. लघवीचा रंग बदलला की घरी तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. शाळांतून उठाबशांची शिक्षा अजून दिली जाते, तिच्यातही हाच धोका आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला बंदी आहे. उशीर झाला म्हणून शंभर उठाबशा काढायला लावलेलं मूल पुढे व्यायामाकडे कोणत्या नजरेनं बघेल, हा प्रश्न मला कायद्याहून मोठा वाटतो.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. साताऱ्याकडच्या एका गावात निवृत्त सुभेदार मुलामुलींना फुकट शिकवतात. गावात निवृत्त फौजी म्हटला की त्याचा हुद्दा कुठलाही असो, तो मेजरच. त्यांच्याकडे एक मुलगी दोन महिने नियमित पळत होती आणि तिचं आठशेचं टायमिंग पुढे सरकत नव्हतं. ‘मेजर, दुसऱ्या फेरीत पाय उचलतच नाहीत हो माझे,’ ती म्हणायची. मेजरांनी तिला आळशी ठरवलं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं. ते साडेआठ निघालं. किशोरींत ते बाराच्या वर हवं.

ही एकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. मुलांतही तो ३१.१ टक्के आहे. रक्तात लोह नाही तर स्नायूंना प्राणवायू पोचणार कसा? शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली दप्तरात ठेवून देतात, कारण रिकाम्या पोटी ती घेतली की मळमळतं. ती जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू किंवा आवळा असावा, आणि आधी-नंतर तासभर चहा नको. पळू लागल्यावर पाळी तीन महिने आली नाही, तर ‘व्यायामानं असं होतं’ म्हणून सोडून देऊ नये. खर्च होतं तेवढं अन्न पोटात जात नाहीये, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि मग हाडांना तडे जायला वेळ लागत नाही. पाळीच्या दिवसांत पळायला वैद्यकीय मनाई नाही. जमेल तेवढं पळावं, नको वाटलं तर चालावं.

उडी मारून उतरताना मुलींचे गुडघे आत वळतात आणि गुडघ्यातला मुख्य बंध तुटण्याचं प्रमाण मुलींत जास्त असतं. त्यावर उपाय स्वस्त आहे. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना सरावाआधी वीस मिनिटांचा ठरलेला वॉर्म-अप दिला. हळू पळणं, एका पायावर तोल, प्लँक, बैठका, उडी मारून गुडघा सरळ ठेवत मऊ उतरणं. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी भरल्या. आपल्या खो-खो आणि कबड्डीच्या मुलींना, आणि शंभर मीटर थंड अंगानं पळून मांडीची शीर ओढून घेणाऱ्या मुलांनाही, हीच वीस मिनिटं पुरतील. उभं राहून ताण धरून ठेवण्याचे व्यायाम शेवटी करावेत, पळण्याआधी अंग हलतं ठेवून तापवावं.

खुराकाबद्दल मुलं सगळ्यात आधी विचारतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मुलीला सुमारे ४६. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीत सात-आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात, पाव लिटर दुधात आठ, चार भाकरी-चपात्यांत बारा-तेरा, त्यावर डाळ-भात. हिशेब घरातच पूर्ण होतो. रोज कसून सराव करणाऱ्याला थोडं जास्त लागेल, ते आणखी एक वाटी उसळ आणि भाजलेल्या चण्यांतून मिळतं. याच संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलंय. घरात पैशांची ओढ असताना आईच्या बचतगटाच्या कर्जातून पावडरीचा डबा आणणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याच पैशांत महिनाभर अंडी आली असती आणि धड बूटही. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘लहान मुलांसाठी नाही’ असा इशारा असतोच, तो वाचावा.

इंजेक्शनांचं मात्र मोठ्यानं सांगायला हवं. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी मेफेंटरमाइन नावाचं औषध वापरतात. ते जिममध्ये आणि धावण्याआधी जोर येण्यासाठी टोचलं जातं. पुण्यासह अनेक शहरांत त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. तरुण हृदयाची लय ते बिघडवू शकतं. अकॅडमीत कुणी ‘ताकदीचं’ म्हणून सुई पुढे केली, तर त्या अकॅडमीतून नाव काढावं आणि घरी सांगावं.

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले. उकाडा, दमट हवा, रात्रभरचा प्रवास, उपाशी पोट. त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. उन्हाचा सराव शरीराला व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून मार्चमध्ये ऊन वाढू लागलं की पहिले दोन आठवडे वेग कमी ठेवणं हीच खरी काळजी. पळताना कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे. आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, बादलीनं पाणी ओता, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा, आणि हे चालू असतानाच १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पळून झाल्यावर एकदम उभं राहिल्यानं भोवळ येते, ती चालत राहिल्यानं टळते. पळता पळता कोसळणं मात्र वेगळं. धावताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, किंवा घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं असणं, यांपैकी एकही गोष्ट असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पळू नये. कोसळलेला मुलगा हाक मारून उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत. प्रत्येक घोळक्यातल्या दोघांना तरी हे यायला हवं, आणि ते एका दुपारीत शिकता येतं.

मेजरांचा पहिल्या महिन्याचा कार्यक्रम मी लिहून घेतला. आठवड्यातून चारच दिवस पळणं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. पळताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे. मधले दोन दिवस जोर, बैठका, पायरीवर उभं राहून टाचा वरखाली करणं. सातवा दिवस सुट्टी. रात्री दहाला मोबाइल बंद, कारण या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि हाड झोपेतच भरतं. वेगाच्या फेऱ्या तिसऱ्या महिन्यापासून, त्याही आठवड्यातून दोनदाच. ‘मेजर, उद्या टायमिंग घ्या की,’ मुलं मागे लागतात. ‘दिवाळी होऊ दे, मग बघू,’ ते म्हणतात, आणि दिवाळीनंतर संक्रांत म्हणतात.

त्यांची मुलं पळतात कुठे, हेही विचारलं. हायस्कूलच्या मैदानावर. डांबरापेक्षा मऊ माती, गाड्यांची भीती नाही, मुली निर्धास्त येतात. आधी हे मैदान सकाळी साडेदहापर्यंत कुलपात असायचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मेजरांनी अर्ज दिला. पहाटे पाच ते सात फाटक उघडं, किल्ली त्यांच्याकडे, मैदान स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मुलांची. ठराव एका बैठकीत झाला. पुढच्या महिन्यात समितीनं फाटकाजवळ एक दिवा आणि पाण्याचा नळही बसवून दिला.